लांबच्या साइटवरची डेटाबेस सर्व्हिस चालू आहे का बंद, हे इथं बसून कसं कळणार?

रात्रपाळी_पुणे

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय पण पूर्ण वाचा प्लीज, अर्धवट सांगितलं की उत्तरं पण अर्धवट येतात.

आम्ही तिघं मिळून सहा कारखान्यांच्या सर्व्हरचं सपोर्टचं काम बघतो. तीन चाकणला, एक रांजणगावला, एक कागलला आणि एक बुटीबोरीला. बसतो पुण्यात. पाच ठिकाणी विंडोजवर एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस आहे (चार स्टँडर्ड, एक फुकटवाला एक्सप्रेस) आणि बुटीबोरीला उबंटू या लिनक्सवर पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस. सगळीकडे व्हीपीएन (इंटरनेटवरून आत जायची खाजगी वाट) आहे पण डोमेन कुठंच नाही, सगळा वर्कग्रुप, म्हणजे प्रत्येक मशीनचे लॉगिन आपापले.

झालं असं, मागच्या महिन्यात चाकणच्या एका साइटवर गुरुवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी लाइट गेली. यूपीएसनं दीड तास दम काढला, मग सर्व्हर बंद. संध्याकाळी लाइट आली, सर्व्हर आपोआप उठला, शुक्रवारी सकाळी सगळे लॉगिन झाले, एन्ट्र्या सुरू, कोणाची काही तक्रार नाही. आम्ही म्हटलं चला, सुटलो. पण एसक्यूएल एजंटची सर्व्हिस (ठरलेल्या वेळी ठरलेली कामं, म्हणजे जॉब, चालवणारी) मॅन्युअलवर, म्हणजे हातानं चालू करायच्या सेटिंगवर होती, ती उठलीच नव्हती. एजंट नाही म्हणजे जॉब नाहीत, जॉब नाहीत म्हणजे लॉग बॅकअप नाही, आणि डेटाबेस फुल रिकव्हरी मोडमध्ये (त्यात लॉग बॅकअप होईपर्यंत सगळ्या बदलांच्या नोंदी लॉग फाइलमध्ये साठून राहतात), त्यामुळे लॉग फाइल रिकामी होईना, नुसती फुगत गेली. नऊ दिवस! पुढच्या शनिवारी सकाळी पावणेसातला डिस्पॅचच्या सुपरवायझरचा फोन, इन्व्हॉइस सेव्ह होत नाहीये. बघतो तर एरर ९००२ (लॉग भरला), लॉग फाइल १८६ जीबी, डी ड्राइव्हवर ११ एमबी शिल्लक. गेटवर चार गाड्या माल भरून उभ्या, इन्व्हॉइस नाही म्हणून ई-वे बिल नाही, ई-वे बिल नाही म्हणून गाडी बाहेर काढता येत नाही, आणि ड्रायव्हर मागं हॉर्न वाजवतायत ते मला फोनवर ऐकू येतंय. तिथल्या इलेक्ट्रिशियनला विनंती करून एक एक्स्टर्नल डिस्क लावून घेतली, तिच्यावर लॉग बॅकअप काढला, साडेनऊला पहिली गाडी सुटली.

गाड्यांचं एक झालं, पण मला झोप लागली नाही ती दुसऱ्याच गोष्टीमुळे. रात्रीचा फुल बॅकअप पण त्याच एजंटवर होता. म्हणजे त्या नऊ दिवसांत डिस्क गेली असती तर नऊ दिवसांचं काम गेलं असतं.

तेव्हापासून आमचा एक मुलगा रोज सकाळी नऊला सहाही सर्व्हरवर इथूनच लॉगिन करतो, सर्व्हिसेसची यादी उघडतो, बघतो आणि रजिस्टरमध्ये टिक करतो. चाळीस मिनिटं जातात, आणि रविवारी कोणीच बघत नाही. मी पॉवरशेलमध्ये (विंडोजला कमांड द्यायची सोय) गेट-सर्व्हिस ही सर्व्हिसची अवस्था सांगणारी कमांड वापरून कॉम्प्युटरचं नाव देऊन स्क्रिप्ट लिहिली, ती दोन साइटला चालते, दोन साइटला 'आरपीसी सर्व्हर अनअव्हेलेबल' येतं, आणि रांजणगावला तर अशी सर्व्हिसच नाही म्हणतं, तिथं मी डोळ्यांनी ती बघतोय तरी. तुम्ही लोक हे कसं करता? खर्चाला फार वाव नाही, पण मेहनत करायची तयारी आहे.

विंडोजवाला_नाशिक

भाऊ, वाचून पोटात गोळा आला. ही एजंट मॅन्युअलवाली गोष्ट इतक्या ठिकाणी बघितलीये. इन्स्टॉल करताना इंजिन (खुद्द डेटाबेस चालवणारी सर्व्हिस) बाय डिफॉल्ट ऑटोमॅटिक असतं आणि एजंट मॅन्युअल, आपण नेक्स्ट नेक्स्ट करत गेलो की तसंच राहतं, मग कोणीतरी एकदा हातानं चालू करतं आणि पुढच्या रीस्टार्टपर्यंत कोणाला पत्ता नसतो. आज पहिलं काम हे करा, चारही स्टँडर्डवाल्या ठिकाणी कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून एजंट ऑटोमॅटिक करा. मॉनिटरिंग नंतर.

एजंट झोपायचा अजून एक रस्ता आहे तो पण लक्षात ठेवा. तो इंजिनवर अवलंबून असतो, त्यामुळे इंजिन स्टॉप करायला गेलात की विंडोज विचारतं ही दुसरी पण बंद होईल, चालेल का, आपण हो म्हणतो. मग काम झाल्यावर इंजिन स्टार्ट करतो आणि निघून जातो, एजंट तसाच बंद. रीस्टार्टचं बटण दाबलं तर दोन्ही परत येतात, पण स्टॉप करून थोड्या वेळानं स्टार्ट केलं की एजंट हातानंच उठवावा लागतो. ऑटोमॅटिक असला तरी. आणि सर्व्हिसच्या रिकव्हरी टॅबमध्ये 'रीस्टार्ट द सर्व्हिस' ठेवलेलं असतं ना, ते सर्व्हिस क्रॅश झाली तरच कामाला येतं, माणसानं बंद केलेली सर्व्हिस ते उठवत नाही.

आता स्क्रिप्ट. गेट-सर्व्हिस लांबच्या मशीनशी बोलतं ते आरपीसीवरून (विंडोज मशीननं दुसऱ्या मशीनशी बोलायची पद्धत), म्हणजे आधी १३५ पोर्टवर हाक मारणार आणि मग ४९१५२ च्या पुढचं कुठलंही पोर्ट घेणार. ज्या दोन साइटला चालतं तिथं व्हीपीएनवर सगळं उघडं असणार, बाकी ठिकाणी फायरवॉल मध्ये येतोय. सगळी रेंज उघडत बसू नका. विनआरएम (लांबून कमांड चालवायची विंडोजची सोय) चालू करा, त्याला ५९८५ हे एकच पोर्ट लागतं, आणि इन्व्होक-कमांडनं तीच गेट-सर्व्हिस तिकडं जाऊन चालवा. वर्कग्रुप आहे म्हणून तुमच्या पुण्याच्या मशीनवर ट्रस्टेड होस्टमध्ये (भरवशाच्या मशीनची यादी) ते आयपी टाकावे लागतील. दुसरा फायदा, नुसत्या गेट-सर्व्हिसला युजर पासवर्ड देताच येत नाही, इन्व्होक-कमांडला देता येतो. आणि उद्या पॉवरशेल ७ वर गेलात तर गेट-सर्व्हिसमधला तो कॉम्प्युटर नावाचा पर्यायच काढून टाकलाय, तेव्हा आत्ताच सवय बदला.

रांजणगावचं कोडं सोपं आहे. तिथं नेम्ड इन्स्टन्स (वेगळं नाव देऊन बसवलेला एसक्यूएल सर्व्हर) आहे का? मग सर्व्हिसच्या नावात डॉलरचं चिन्ह असणार. पॉवरशेलमध्ये डबल कोट दिले की डॉलर आणि पुढचं नाव व्हेरिएबल समजून गिळून टाकतं, मागं नुसतं अर्धं नाव उरतं, ते कसं सापडणार. सिंगल कोट द्या.

चेकपॉइंट_ठाणे

नाशिकच्या दादांनी म्हटलंय ते सगळं बरोबर आहे, पण मी डीबीए (डेटाबेस सांभाळणारी) म्हणून वेगळ्या बाजूनं सांगते. सर्व्हिस चालू आहे का हे विंडोजला विचारण्याऐवजी डेटाबेसलाच विचारा.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'डीएम सर्व्हर सर्व्हिसेस' नावाचा सिस्टिम व्ह्यू आहे, २००८ आर२ च्या सर्व्हिस पॅक १ पासून. त्यावर साधा सिलेक्ट मारला की त्या इन्स्टन्सचं इंजिन, एजंट, फुल टेक्स्ट (मजकूर शोधायची सर्व्हिस) यांची अवस्था, स्टार्टअप टाइप, कुठल्या अकाउंटवर चालतंय, सगळं एका टेबलात येतं. तुमचा नऊ दिवसांचा घोळ पहिल्याच दिवशी दिसला असता कारण एजंटच्या रांगेत मॅन्युअल आणि स्टॉप्ड असं सरळ लिहून आलं असतं. विनआरएम नको, आरपीसी नको, १४३३ एकच पोर्ट व्हीपीएनवरून. इंजिनच बंद असेल तर कनेक्शन होणार नाही, तेच उत्तर समजायचं. नेम्ड इन्स्टन्सला स्टॅटिक पोर्ट देऊन टाका म्हणजे ब्राउझर सर्व्हिस (इन्स्टन्सचं पोर्ट सांगणारी) आणि तिचं १४३४ यूडीपी हे झंझट पण मध्ये येत नाही. आणि हे विचारायला एसए (सगळे अधिकार असलेलं) लॉगिन वापरू नका हो, प्लीज. एक वेगळं लॉगिन करा, त्याला 'व्ह्यू सर्व्हर स्टेट' एवढीच परमिशन द्या, २०१९ पर्यंतच्या व्हर्जनला तेवढी पुरते. रिपोर्टिंग सर्व्हिस किंवा एसएसआयएस (डेटा इकडून तिकडं नेणारी सर्व्हिस) असेल तर ती मात्र या व्ह्यूमध्ये येत नाहीत, त्यांच्यासाठी विंडोजकडंच जावं लागतं.

पण मला खरं सांगायचंय ते पुढे आहे. सर्व्हिस रनिंग दिसली म्हणजे काम होतंय असं नाही. एजंट रनिंग असतो आणि जॉब डिसेबल असतो. एजंट रनिंग असतो आणि जॉब ज्याच्या नावावर होता त्या माणसाचं लॉगिन तो सोडून गेल्यावर कोणीतरी काढून टाकलं, त्या रात्रीपासून जॉब फेल. बॅकअपचा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवला, जॉबमध्ये जुनाच पाथ राहिला. या प्रत्येक वेळी तुमच्या मुलाच्या रजिस्टरमध्ये टिकच पडणार.

म्हणून मी सर्व्हिसच्या आधी रिझल्ट बघते. एमएसडीबी या एसक्यूएल सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदींच्या डेटाबेसमध्ये बॅकअपसेट नावाचं टेबल आहे, त्यात प्रत्येक डेटाबेसच्या शेवटच्या बॅकअपची वेळ असते, टाइप डी म्हणजे फुल, आय म्हणजे डिफरन्शियल (शेवटच्या फुलनंतरचे बदल), एल म्हणजे लॉग. लॉग बॅकअप दर पंधरा मिनिटांनी असेल आणि शेवटची एल रांग ४५ मिनिटांपेक्षा जुनी झाली की अलार्म. का जुनी झाली, एजंट बंद म्हणून, जॉब बंद म्हणून, डिस्क भरली म्हणून, ते नंतर शोधू, पण माणूस जागा झाला पाहिजे. या टेबलाची परमिशन एमएसडीबीमध्ये वेगळी द्यायला लागेल, नुसत्या सर्व्हर स्टेटवर ते वाचता येत नाही.

अजून एक, जॉब फेल झाला की मेल यावा अशी सोय बहुतेकांनी केलेली असते आणि त्यावर निवांत असतात. तो मेल पाठवायला सांगतो कोण? एजंटच. तो स्वतः बंद पडल्याचा मेल कुठून पाठवणार? बघणारा नेहमी दुसऱ्या मशीनवर पाहिजे.

ओरॅकल_मस्कत

ताईंशी शंभर टक्के सहमत. मी ओरॅकलवाला आहे, आमच्याकडं पण अगदी हेच, फक्त नावं वेगळी.

आमच्याकडं पूर्वीपासून सवय म्हणजे लिनक्सवर प्रोसेसची यादी काढायची आणि त्यात पीमॉन (ओरॅकलचा मागं चालणारा एक प्रोसेस) शोधायचा. पीमॉन दिसला की डेटाबेस उभा आहे. आणि लांबून बघायचं तर टीएनएसपिंग. दोन्ही फसवतात. टीएनएसपिंग फक्त १५२१ पोर्टवर लिसनर (कनेक्शन घेणारा प्रोसेस) उत्तर देतोय का बघतं, मागं डेटाबेस बंद असला तरी लिसनर ओके म्हणतो, आणि सपोर्टची नवीन मुलं तेवढ्यावर 'डेटाबेस अप' असा मेल टाकून मोकळी होतात. पीमॉन, एसमॉन, लॉग रायटर, चेकपॉइंट सगळे प्रोसेस जिवंत असतात आणि आर्काइव्ह लॉगची (बदलांच्या जुन्या नोंदींच्या प्रतींची) जागा भरलेली असते, मग ओआरए-००२५७ ही एरर, कोणालाच काम करता येत नाही, तरी प्रोसेसची यादी बघितली तर सगळं छान हिरवंगार.

आम्ही शेवटी एक साधं युजर केलं आणि दर दोन मिनिटांनी दुसऱ्या मशीनवरून ते खरंच लॉगिन होतं, एका छोट्या टेबलात वेळ अपडेट करतं, कमिट (पक्कं सेव्ह) करतं. ते झालं तर डेटाबेस चालू. आर्काइव्ह अडकला की ते कमिट पण अडकतं आणि लगेच कळतं. नुसतं सिलेक्ट ठेवू नका, लिहून बघा.

झॅबिक्स_कोल्हापूर

कागलची साइट म्हटल्यावर राहवलं नाही, आमच्या शेजारचीच की.

स्क्रिप्टा लिहित बसण्यापेक्षा झॅबिक्स हे मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, एका जुन्या मशीनवर बसतं, आणि इतिहास साठवतं. आज एजंट बंद आहे हे कळणं वेगळं आणि दर गुरुवारी बंद पडतोय हे कळणं वेगळं, दुसरं स्क्रिप्टमधनं दिसत नाही. विंडोजवर त्याचा छोटा एजंट टाकायचा (हा झॅबिक्सचा एजंट, एसक्यूएलचा नव्हं, नावाचा घोळ करू नका) आणि सर्व्हिस इन्फो नावाची आयटम (काय तपासायचं ते) लावायची. ती आकडा देते, शून्य म्हणजे चालू, ६ म्हणजे बंद, २५५ म्हणजे अशी सर्व्हिसच नाही.

इथं एक चूक मी स्वतः करून बसलोय म्हणून सांगतो. ट्रिगर (अलार्मची अट) '६ आला तर बोंब मार' असा लावू नका. आमच्या एका क्लायंटकडं व्हर्जन अपग्रेड करताना इन्स्टन्सचं नाव बदललं, आयटम २५५ द्यायला लागली, ६ काही येईना, ट्रिगर गप्प, आणि तीन आठवडे त्या सर्व्हरवर आमचं लक्षच नव्हतं. ट्रिगर 'शून्य नसेल तर' असा लावा. आणि नुसतं तेवढ्यावर पण थांबू नका, 'दहा मिनिटं डेटाच आला नाही तर' हा दुसरा ट्रिगर पण हवाच. आकडा वाईट येणं आणि आकडाच न येणं, दोन्ही धरायला पाहिजे.

एजंट ॲक्टिव्ह मोडमध्ये ठेवा. मग साइटवरचा एजंट स्वतःहून तुमच्या पुण्याच्या सर्व्हरला १००५१ वर येऊन भेटतो, साइटच्या फायरवॉलमध्ये आत यायला एकपण पोर्ट उघडायला लागत नाही. कारखान्याचा आयटीवाला त्यावर लगेच हो म्हणतो, नाहीतर परवानगीच्या मेलमध्ये महिना जातो.

पोस्टग्रेसवाला_नागपूर

बुटीबोरीच्या उबंटूचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. त्यात एक खड्डा आहे, त्यात बरेच जण पडतात.

उबंटू आणि डेबियनवर सिस्टिमसीटीएलला (सर्व्हिस सांभाळणारी कमांड) 'पोस्टग्रेसक्यूएल' ॲक्टिव्ह आहे का विचारलं तर ते ॲक्टिव्ह म्हणून सांगते. नीट स्टेटस बघा, 'ॲक्टिव्ह' च्या पुढे कंसात 'एक्झिटेड' लिहिलेलं दिसेल. कारण ती खरी सर्व्हिस नाहीच, ती फक्त बाकीच्यांना उठवणारी नावापुरती सर्व्हिस आहे. खरी सर्व्हिस पोस्टग्रेसक्यूएल, मग ॲट चिन्ह, मग व्हर्जन आणि क्लस्टरचं (एका पोस्टग्रेसखालच्या डेटाबेसांचा गट) नाव, म्हणजे १४-मेन असं काहीतरी. ती मरून पडली तरी नावापुरती वाली ॲक्टिव्हच दाखवते. तुमच्या स्क्रिप्टमध्ये पूर्ण नाव टाका, नाहीतर डेटाबेस बंद आणि तुमच्याकडे हिरवा दिवा.

लांबून बघायला पीजी-इजरेडी ही कमांड चांगली आहे. शून्य आलं तर कनेक्शन घेतोय, १ म्हणजे नाकारतोय (उदाहरणार्थ नुकताच स्टार्ट होतोय), २ म्हणजे उत्तरच नाही. त्याला बरोबर युजर पासवर्ड पण लागत नाही. पण म्हणूनच ते दारावरची बेल वाजते का एवढंच सांगते, घरात काय चाललंय ते नाही सांगत. आतलं बघायला पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी या सिस्टिम व्ह्यूमध्ये बॅकएंड टाइप बघा, व्हर्जन १० पासून त्यात चेकपॉइंटर, वॉलरायटर, ऑटोव्हॅक्यूम लाँचर असे मागचे प्रोसेस पण दिसतात. आर्काइव्हिंग लावलं असेल तर पीजी-स्टॅट-आर्काइव्हरमध्ये शेवटची फाइल कधी गेली आणि फेल किती झाल्या ते असते. तुमची एसक्यूएल सर्व्हरची लॉग फाइल जशी फुगली तशी इथं आर्काइव्ह अडकला की वॉलची (बदलांच्या नोंदींची) फोल्डर फुगते आणि शेवट तोच, डिस्क फुल.

रात्रपाळी_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस लावून बसलो, काय काय झालं ते सांगतो.

सिंगल कोट दिल्याबरोबर रांजणगाव दिसायला लागलं. एजंट सगळीकडे ऑटोमॅटिक केला, चाकणच्याच दुसऱ्या एका साइटवर पण तो मॅन्युअल निघाला, म्हणजे तिथं फक्त लाइट जायची बाकी होती. बुटीबोरीला नावापुरतीच सर्व्हिस बघत होतो आम्ही, नागपूरकरांनी म्हटलं तंतोतंत तेच, कंसात एक्झिटेड.

पण ताईंनी सांगितलेली बॅकअपसेटची क्वेरी पहिल्यांदा सगळीकडे मारली आणि कागलला हात थांबला. एजंट रनिंग, इंजिन रनिंग, आणि शेवटचा लॉग बॅकअप पाच दिवस जुना. शोधलं तर महिनाअखेरीच्या रिपोर्टला सिस्टिम स्लो चालते म्हणून तिथल्या कोणीतरी लॉग बॅकअपचा जॉब डिसेबल केला होता आणि परत चालू करायचं राहून गेलं. रजिस्टर काढून बघितलं, पाचही दिवस कागलपुढं टिक आहे. मुलाची काही चूक नाही, त्याला आम्ही जे बघ म्हणून सांगितलं ते त्यानं रोज नीट बघितलं. मीच त्याला चुकीचा प्रश्न विचारायला लावत होतो.

आता एक अडलंय. झॅबिक्स लावलं, डेटा न येण्याचा ट्रिगर पण लावला, आणि पहिल्याच रात्री अडीच वाजता चाकणवरून अलार्म. उठून बघतो तर डेटाबेसला काही झालेलं नाही, साइटचं इंटरनेट गेलं होतं, वीस मिनिटांत आलं. दुसऱ्या रात्री परत तेच. असं चाललं तर आठवड्यात आम्ही तिघंही तो ग्रुप म्यूट करून टाकू आणि मग खरा अलार्म आला तरी कोणी उठणार नाही. नेट गेलंय का सर्व्हिस गेलीये हे वेगळं कसं करायचं?

चेकपॉइंट_ठाणे

कागलचं वाचून बरं वाटलं, वेळेत सापडलं. आणि मुलाला दोष दिला नाहीत हे तर फार छान.

दोनच अवस्था ठेवल्या की हे होतंच. तीन ठेवा. चालू, बंद, आणि कळत नाही. साइटच्या राउटरला वेगळं पिंग लावा आणि डेटाबेसचे ट्रिगर त्याच्यावर अवलंबून ठेवा, म्हणजे राउटरच उत्तर देत नसेल तर डेटाबेसबद्दल बोंब न मारता एकच मेसेज यावा की अमुक साइट दिसत नाहीये. पण 'कळत नाही' हे 'चालू' मध्ये धरू नका, ही चूक पण बघितलीये. अर्ध्या तासाच्या वर साइट दिसली नाही तर तो पण अलार्मच, कारण त्या अर्ध्या तासात आत काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. आणि एका चुकलेल्या चेकवर कोणाला उठवू नका, लागोपाठ तीन चुकले तरच.

रात्रीचं आणि दिवसाचं पण वेगळं करा. लॉग बॅकअप ४५ मिनिटं जुना झाला ते सकाळी सातला कळलं तरी चालतं जर रात्रपाळीत एन्ट्र्या नसतील तर. डिस्क दहा टक्क्यांच्या खाली गेली तर मात्र रात्री दोनला पण फोन वाजला पाहिजे. कोणासाठी उठायचं आणि कोणासाठी नाही हे तुम्ही तिघं एकदा कागदावर बसून ठरवा, टूल ते ठरवू शकत नाही.

झॅबिक्स_कोल्हापूर

ताई ट्रिगर अवलंबून ठेवायचं म्हणतायत ते झॅबिक्समध्ये ट्रिगर डिपेंडन्सी नावानं तयारच आहे, वेगळं काही लिहायला लागत नाही.

मी अजून एक भर घालतो. तुमचा झॅबिक्सच बंद पडला तर? पुण्यातली लाइट गेली, तो डबा बंद, आणि तुम्ही घरी निवांत की अलार्म नाही म्हणजे सगळं छान. त्यासाठी उलटी सोय करा. बाहेर कुठंतरी, क्लाउडवरच्या एखाद्या छोट्या मशीनवर, एक स्क्रिप्ट ठेवा जी फक्त वाट बघते. तुमचा झॅबिक्स दर पाच मिनिटांनी तिला 'मी आहे' म्हणून सांगणार. पंधरा मिनिटं हाक आली नाही की ती तुम्हाला मेसेज टाकणार. इकडं गप्प बसणं हाच अलार्म. आणि मेसेज व्हॉट्सॲप ग्रुपवर नको, तिथं वाढदिवस पण येतात आणि गुड मॉर्निंग पण. टेलिग्रामचा बॉट फुकटात होतो, त्याला वेगळा आवाज लावा जो दुसऱ्या कशालाच लावलेला नाही.

रात्रपाळी_पुणे

केलं. राउटर पिंग, डिपेंडन्सी, लागोपाठ तीन, बाहेरची वाट बघणारी स्क्रिप्ट, सगळं. मागचे सहा दिवस रात्री फक्त एकदा वाजलं आणि ते खरं होतं, कागलची बॅकअपची डिस्क भरत आली होती.

आणि काल गुरुवार होता, म्हणून सुट्टीत चाकणच्या त्या पहिल्या साइटवर मुद्दाम टेस्ट घेतली. तिथल्या सिक्युरिटीला आधी सांगून ठेवलं, आमचा मुलगा जाऊन सर्व्हरसमोर बसला आणि त्यानं एसक्यूएल एजंट स्टॉप केला, मी इकडं पुण्यात फोन टेबलवर ठेवून घड्याळ बघत होतो. मिनिटाला एक चेक, लागोपाठ तीन, म्हणजे दोन ते तीन मिनिटं लागायला हवीत. दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी वाजला. मग त्याला म्हटलं आता एजंट चालू कर पण लॉग बॅकअपचा जॉब डिसेबल कर, आणि जेवायला जा. पाऊण तासानं ताईंचा अलार्म पण वाजला, तेव्हा ताट समोर होतं त्याच्या. रजिस्टर बंद केलंय. त्या चाळीस मिनिटांत आता तो मुलगा आठवड्याला एक बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून बघतो.

एक्सप्रेसवाली साइट राहिलीये फक्त. तिथं सर्व्हिसच्या यादीत एजंट दिसतो पण कायम बंद, त्यामुळे तिथं सारखा लाल दिवा.

विंडोजवाला_नाशिक

तो लाल राहणारच भाऊ. एक्सप्रेसमध्ये एजंट चालतच नाही, यादीत नाव येतं आणि डिसेबल्ड असतं, एवढंच. तिथला तो आयटम काढून टाका, नाहीतर लाल बघायची डोळ्यांना सवय लागते.

तिथले बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरनं चालत असणार ना? मग एक गोष्ट आजच बघा. त्या टास्कमध्ये 'युजर लॉग ऑन असेल तेव्हाच चालवा' असं सिलेक्ट असेल, बाय डिफॉल्ट तेच असतं, तर लाइट जाऊन सर्व्हर रीस्टार्ट झाला की तिथं कोणीच लॉगिन केलेलं नसतं आणि टास्क चालतच नाही, म्हणजे परत तुमचा तोच गुरुवार. खालचा पर्याय घ्या, लॉग ऑन असो वा नसो. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये बॅकअप जात असेल तर पासवर्ड पण सेव्ह करायला लागेल, आणि तो पासवर्ड बदलला की टास्कमध्ये पण बदलायचा. बॅकअपसेटची क्वेरी एक्सप्रेसला पण जशीच्या तशी चालते, तीच लावा, फक्त तिथं लॉग बॅकअप नसेल तर एल च्या जागी डी टाका आणि ४५ मिनिटांच्या जागी २६ तास.